उपासाला शेंदेलोण चालतं

आमच्या डॉक्टरसाहेबांपेक्षा मला एकच गोष्ट जास्त येत होती. मला ऐकू येत होतं.

साहेबांचे कान चाळिशीतच मंद झाले होते. समोरचा मोठ्यानं बोलला तर अडत नसे, आणि आमच्याकडची माणसं मोठ्यानंच बोलतात, म्हणून दवाखाना निभावून गेला. पण रक्तदाब मोजायचं यंत्र आलं आणि त्यांची पंचाईत झाली. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. साहेबांनी मुंबईहून ते मागवलं, कौतुकानं माझ्याच दंडावर बांधलं, कानात नळी घातली आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं बसून राहिले. मग नळी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू ऐक. टकटक कधी लागली आणि कधी बुडाली, तेवढंच मला सांग. बाकीचं मी बघतो."

तोवर मी बाटल्या भरणारा कंपाउंडर होतो. पेशंटनं घरून आणलेली बाटली धुवायची, तिच्यात लाल नाहीतर पिवळं औषध ओतायचं, आणि खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायची. एक खाच म्हणजे एक डोस. त्या दिवसापासून मी साहेबांचा कान झालो. पगार तोच राहिला, पण छाती दोन इंच फुगली हे कबूल करतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दंडाला कापडी पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरायची, की काचेच्या नळीतला पारा चढतो. मग हवा हळूहळू सोडत कोपराच्या खोबणीत नळी लावून ऐकत बसायचं. पारा उतरता उतरता एका जागी टकटक सुरू होते, तो वरचा आकडा. आणखी खाली एका जागी ती बुडते, तो खालचा. वरचा एकशेवीस-तीसच्या आसपास असला की साहेब मान हलवायचे. दोनशेच्या वर गेला की कागदावर काहीतरी लिहीत बसायचे आणि पेशंटकडे बघायचे नाहीत.

कारण या रोगाची खोडच अशी, की तो दुखत नाही. ताप नाही, खोकला नाही, माणूस चांगला चार भाकरी खातो, शेतात खपतो. आणि एखाद्या सकाळी तांब्या हातातून पडतो, तोंड वाकडं होतं, अर्धं अंग लाकूड होतं. लोक म्हणायचे, वारं गेलं. कोणी कबुतराचं रक्त चोळायचं, कोणी मांत्रिक आणायचं. ते वारं येण्याआधी दहा वर्षं त्याची वर्दी दंडातल्या टकटकीत मिळते, हे सांगून पटायचं नाही. दुखत नसलेल्या माणसाला औषध देणं म्हणजे जेवलेल्याला वाढण्यासारखं. तो ताटावर हात आडवा धरतो.

पटलं तर भलतंच पटायचं. शिरपूरकडचे एक नाना जळगावात लेकीकडे आले की दवाखान्यात यायचे. त्यांची ठाम समजूत होती की पट्टाच दाब ओढून काढतो. उजव्या हाताचा दाब मोजून झाला की म्हणायचे, "हाऊ पट्टा डावा हातले बी बांध ना भाऊ. त्यानी काय पाप करं?" मी साक्रीकडचा, माझी बोली तीच, त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष हक्क. मी बांधायचो. मग ते पायाकडे बघायला लागले की मी यंत्राची पेटी मिटून टाकायचो.

तर आता मुख्य हकिगत. साहेब दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी पहूरला जाऊन एका ओट्यावर दवाखाना मांडून बसायचे. मी बरोबर. मोटारीत यंत्राची लाकडी पेटी मी मांडीवर उभी धरून ठेवायचो, कारण आडवी झाली की पारा सांडतो. रस्ता असा, की पारा सांभाळताना माझाच दाब वाढत असेल.

एका बाजाराला एक पन्नाशीच्या बाई आल्या. नऊवारी, कपाळ मोठं, चालणं ठणठणीत. मागून एक उंच, लालबुंद, रुंद छातीचा माणूस. तो तिच्या मागून येत नव्हता, तिनं आणला म्हणून येत होता.

"डॉक्टरसाहेब, याले पाहा," बाई म्हणाल्या. "हा माहा दीर. सकायी उठला की मागून मान धरते आन् डोकं दाबते. माह्या मालकाचं अस्संच दाबे. दोन वर्सं दाबलं, मंग वारं गेलं. सहा वर्सं झाले, खाटेवर हायेत."

"मले काही झालं नाही," दीर म्हणाला. "वैनी उगीच घाबरते."

त्या भागाअक्का, आणि ते ओंकारआबा. नंतर सगळं कळलं ते इथंच सांगतो. घर केळीबागायतदारांचं. अक्कांचे मालक पुंजूदादा, ओंकारआबांचे थोरले भाऊ, उजव्या अंगानं गेलेले. बोलणं गेलेलं. अक्का त्यांना हातानं भरवायच्या. ओंकारआबांची बायको बाळंतपणात वारली होती. त्यांची मुलगीही अक्कांनीच वाढवली. म्हणजे एका बाईच्या जिवावर सगळं घर होतं आणि आता त्या घरातला उरलेला एकच चालता पुरुष मान धरून उठत होता.

मी पट्टा बांधला. टकटक लागली ती दोनशेदहाला. बुडाली एकशेवीसला. मी साहेबांच्या कानाशी तोंड नेऊन आकडे सांगितले. साहेब कागदावर लिहीत बसले.

त्या काळी या रोगावर औषध म्हणजे सर्पगंधेच्या मुळीची गोळी. ती नुकतीच गोळीच्या रूपात मिळायला लागली होती. नाक चोंदायचं, सुस्ती यायची, पण दाब उतरायचा. आणि दुसरं औषध म्हणजे मीठ बंद. साहेबांनी दोन्ही सांगितलं. मीठ बंद म्हणताच ओंकारआबा पहिल्यांदा नीट बसले.

"पार बंद?"

"पार."

त्यांचा चेहरा का पडला ते मला गावकऱ्यांनी सांगितलं. ओंकारआबा म्हणजे पंचक्रोशीतल्या पंगतीचं मीठ. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, वरण-बट्टीचं वरण आणि वांग्याची भाजी चुलाण्यावर शिजली की आचारी आबांना बोलावणार. आबा तळहातावर थेंब घेणार, जिभेला लावणार, डोळे मिटणार आणि सांगणार, "अजून दोन मुठी." ते बोलले म्हणजे झालं. थंडीत मळ्यात भरीत-भाकरीची पार्टी त्यांच्याशिवाय होत नसे. त्या माणसाला आपण मीठ सोडायला सांगत होतो.

अक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कंपोंडर भाऊ, मीठ बंद म्हंजे कसं? सांगून द्या बरोबर. माह्याकडून चूक नोको."

आणि इथं मी शहाणपणा केला. साहेब दुसऱ्या पेशंटकडे वळले होते. मला वाटलं, खेड्यातल्या बाईला समजेल अशा भाषेत सांगावं. मी म्हणालो, "अक्का, याला रोजचा उपास समजा. उपासाला कसं आपण साधं मीठ घालत नाही, तसं."

"समजलं," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. त्याचा मला फार अभिमान वाटला. पुढं कितीतरी पेशंटांना मी तेच वाक्य सांगितलं.

दर बाजाराला अक्का आबांना घेऊन यायच्या. गोळी सकाळ-संध्याकाळ, त्यांच्या समोर. दर बाजाराला मी पट्टा बांधायचो आणि दर बाजाराला आकडा तिथंच. दोनशेपाच. दोनशेदहा. एकदा दोनशेपंधरा. साहेबांनी गोळी वाढवली. आबा सुस्त झाले, नाक चोंदलेलं, डोळे अर्धे मिटलेले, एवढा बोलका माणूस मुका झाला. पाचव्या बाजाराला साहेब चिडले. त्यांचं चिडणंही मोठ्या आवाजातलं, ओटा भरून माणसं बसलेली.

"तुम्ही बाहेर खाता! लपून खाता! हे यंत्र खोटं बोलत नाही!"

आबा उभे राहिले. त्या माणसानं आयुष्यात पैशाची लबाडी केली नव्हती, हे सारं गाव सांगत होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "पंगतीत वाढलेलं ताट मी हात जोडून परत करतो, साहेब. लोक हासतात. अन् तुमी मले चोर म्हनता." आणि निघून गेले. अक्का दोन पावलं त्यांच्यामागं गेल्या, परत आल्या, साहेबांना म्हणाल्या, "तो लबाडी नाही करत. मी करते सैपाक. मले इचारा." पण साहेबांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. तरी मी काही बोललो नाही, कारण मलाही आबा लपून खातात असंच वाटत होतं.

पुढचे दोन बाजार ते आले नाहीत. तिसऱ्या बाजाराला सकाळीच निरोप आला, की आबांच्या हातातून तांब्या पडला, बोलताना शब्द अडखळले. साहेबांनी ओट्यावरची गर्दी तशीच सोडली आणि आम्ही पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. पोचेपर्यंत आबांचा हात परत हलायला लागला होता, बोलणंही आलं होतं. साहेब म्हणाले, "ही वर्दी आहे. पुढचं येईल ते असं परत जाणार नाही." बाजूच्या खाटेवर पुंजूदादा पडले होते. त्यांना बोलता येत नव्हतं, पण धाकट्या भावाच्या हाताकडे बघत त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ते मी अजून विसरलो नाही.

साहेब आबांपाशी बसून राहिले. दुपार झाली. अक्का मला म्हणाल्या, "चला, दोन घास खाऊन घ्या. अळणी हाये, चालीन का?" मी म्हटलं, "चालेल की." ज्या घराला पथ्य सांगितलं त्या घरचं पथ्य खाताना मला आपण फार मोठे वाटत होतो.

भाकरी, गिलक्याची भाजी, वाटीभर वरण. मी पहिला घास घेतला आणि तो तसाच तोंडात राहिला. भाजी चवदार होती. चांगली खारट-चवदार.

"अक्का, याच्यात मीठ आहे."

"मीठ कुठलं?" अक्का हसल्या. "माह्या घरात दोन महिने झाले मीठ नाही. ते शेंदेलोण. उपासाले चालतं ना! तुमीच तं बोलले होते. साधं मीठ नाही म्हनून मी जरा सढळ घालते, जिभीले कळावं म्हनून. मीठ सुटलेल्या मानसाची लई आबाळ होते, भाऊ."

शेंदेलोण म्हणजे खडकातलं मीठच. देवाला ते वेगळं असेल, दंडातल्या रक्ताला वेगळं नाही. मी तिला उपास सांगितला होता आणि तिनं उपास अक्षरशः पाळला होता. दोन महिने ती बाई देवाचं व्रत करावं तसं दिराला सढळ हातानं मीठ खाऊ घालत होती, माझ्या शब्दावर. आणि तिच्या दिराला आम्ही चारचौघांत चोर म्हटलं होतं.

मला तेव्हा पळून जावंसं वाटलं हे खरं. एक मार्ग असाही होता, की काही न बोलता 'आता शेंदेलोणही नको' एवढंच सांगायचं. कोणाला काही कळलं नसतं. पण खाटेवरच्या पुंजूदादांचा डोळा आठवत होता. मी ताट सरकवलं आणि अक्कांना सगळं सांगितलं. चूक माझी, शेंदेलोण म्हणजे मीठच, आबा खोटे नव्हते. मग उठून साहेबांच्या कानाशी जाऊन तेच सांगितलं, आणि आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

साहेब आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आबांसमोर हात जोडले. जळगावात ज्यांच्यासमोर वकील-मामलेदार उभे राहायचे त्या माणसानं एका शेतकऱ्याला हात जोडले. मला ते मुळीच बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. आबा एवढंच म्हणाले, "जाऊ द्या साहेब. पन त्या ओट्यावर बसलेल्या लोकायले बी सांगजा. सारे बाजाराले गेल्ते, सारे ऐकत होते." साहेबांनी पुढच्या बाजाराला ते ओट्यावर उभं राहून सांगितलं, आवाज चांगला मोठा करून.

पण अक्का. मला वाटलं होतं त्या रडतील, मला बोलतील. त्यांनी शेंदेलोणाची बरणी उचलली, दारामागं नेऊन गाईच्या घमेल्यात उपडी केली, बरणी धुतली, पालथी घातली. मग कोनाड्यातले, फळीवरचे सगळे डबे-बरण्या उतरवून माझ्यासमोर ओळीनं मांडल्या आणि समोर बसल्या.

"आता सारं एक डाव सांगून द्या. कशाकशात हाये?"

मी त्या बरण्यांकडे पाहिलं. मला कुठं ठाऊक होतं? मी साहेबांना बोलावलं. आम्ही दोघं त्या बाईसमोर शाळेत बसल्यासारखे बसलो आणि ती एकेक झाकण उघडत गेली. लोणचं, हो. "याच्यात तं दिसतेच." उडदाचे पापड. "मीठ कमी घातलं यंदा." "पन पापडखार?" अक्कांनीच विचारलं. तोही तसलाच. बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, त्यात मीठ आणि खार दोन्ही. कुरडया. वाळवलेल्या ताकातल्या मिरच्या. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा, तोही नको. साहेब थक्क झाले. सूज आलेल्यांना वीस वर्षं 'मीठ बंद' सांगणाऱ्या त्या माणसाला मीठ किती दारांनी घरात शिरतं हे त्या दिवशी कळलं. कळवलं ते एका निरक्षर बाईनं, आणि तेही आमची चूक झाकून.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात पद्धतच पडली. पेशंटनं येताना घरातली स्वयंपाक करणारी बाई बरोबर आणायची. ती आली की मी विचारायचो, "फळीवर कायकाय आहे? डावीकडून सांगा." उपास हा शब्द मी परत कधी काढला नाही. ज्यांना आधी सांगून बसलो होतो त्यांना मी एकेकाला गाठलं. दोघंजण सापडले नाहीत. त्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि ते मनातून जात नाही.

आबांचा दाब दुसऱ्या महिन्यापासून उतरायला लागला. एकशेनव्वद, एकशेसत्तर, मग एकशेपंचावन्नवर टिकला. साहेबांनी गोळी कमी केली, तसा माणूस पुन्हा बोलायला लागला. लिंबू, चिंच, भाजलेलं जिरं, लसूण, कोथिंबीर एवढ्यावर अक्का असं जेवण करायच्या की आबा पुढंपुढं तक्रारच करेनात.

दोन वर्षांनी आबांच्या मुलीचं लग्न निघालं. साहेबांना आणि मला आवतन होतं. मांडवामागं चुलाण्यावर वरणाचं मोठं पातेलं, वांग्याची भाजी रटरटत होती. आचारी ठरलेला, वीस वर्षं आबांच्या हाताखालचा. त्यानं सवयीनं हाक मारली, "आबा, मीठ!" आणि लगेच जीभ चावली. आबा पुढं झाले. साहेबांकडे बघून हसले, तळहातावर एक थेंब घेतला, जिभेला लावला आणि तोंड कसनुसं केलं.

"अरे, इख करून ठेवलं! एवढं खारं कोन खाईन?"

"आबा, तुमचंच माप हाये. नेहमीचं."

आबांनी आणखी पाणी आणि डाळ घालायला लावली. आचाऱ्याच्या तोंडावर नाराजी होती. पंगती उठल्या, हजारभर माणूस जेवलं, आणि कोणी एकानंही मीठ मागितलं नाही. आबा माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "इतके वर्सं मी साऱ्या गावाले खारं खाऊ घातलं, भाऊ. माहीच जीभ मेलेली होती."

गोष्ट इथं संपवली तर सगळ्यांना छान वाटेल. मलाही वाटलं असतं.

लग्नानंतरच्या बाजाराला आबा आले, नेहमीसारखे अक्कांबरोबर. मी पट्टा बांधायला घेतला तर त्यांनी हात मागं घेतला. स्टुलावरून उठले आणि अक्कांना म्हणाले, "वैनी, बस इथी. अडीच वर्सं तू मले आनू ऱ्हायली. तुले कोनी आनलं?"

माझ्या हातात पट्टा तसाच राहिला. शेकडो दंडांना मी तो बांधला होता. शिरपूरच्या नानांच्या दोन्ही हातांना बांधला होता. त्या घरात दादा गेलेले, आबा जाता जाता वाचलेले, तीच चूल, तेच मीठ, आणि त्या चुलीपुढं तीस वर्षं बसलेल्या बाईला मी एकदाही विचारलं नव्हतं.

"मले काय झालं?" अक्का म्हणाल्या. "मी तं धडधाकट." हेच वाक्य मी रोज ऐकत होतो.

बांगड्या मागं सारून मी पट्टा बांधला. फुगा दाबला. हवा सोडली. टकटक लागली आणि मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना वाचता यायचा. "किती?" ते म्हणाले. "एकशेनव्वद," मी म्हणालो.

"असं कसं? अक्का आबांच्याबरोबर अळणीच खातात ना?"

"खाते ना," अक्का म्हणाल्या. "सकायी याच्यासंगंच बसते. याले एकट्याले अळणी गिळवत नाही म्हनून."

मग मला त्यांचंच वाक्य आठवलं. मी समोर बसलो आणि म्हणालो, "अक्का, आता सारं एक डाव सांगून द्या."

अक्का पदराशी चाळा करत म्हणाल्या, "याच्या भावाले अळणी नाही चालत. थुकून देतात. तुमी बी तं त्यायचं मीठ बंद नाही सांगितलं. जे व्हायचं ते होऊन गेलं म्हने. मंग त्यायची भाजी येगयी करते, मिठाची, लोनचं-पापड कुस्करून. ते अर्धं टाकतात. त्यायच्या ताटातलं टाकवत नाही. मालकाचं उष्टं म्या रोज खाल्लं, लगीन झाल्यापासून. सांच्याले माहं जेवन तेच."

मी ते साहेबांच्या कानाशी सांगितलं, तसा त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. पुंजूदादांचं मीठ बंद करायला आम्ही सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. आम्हाला वाटलं होतं, त्या ताटावर जेवणारा एकच आहे.

आबा अक्कांना म्हणाले, "आजपासून दादाले मी भरवीन. माह्या अळणीतलं. थुकतील तं थुकतील, चार दिसांनी खातील. मी खाल्लं का नाही? अन् तुहं ताट येगळं. भरल्या ताटावर बसायचं. ते म्या वाढायचं."

"लोक काय म्हनतील? दीर वाढतो म्हनून?"

"म्हनू दे. गावाच्या पंगतीले वाढलं, घरात नाही वाढलं."

अक्कांनी पदर डोळ्याला लावला. अडीच वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या बाजाराला आम्ही त्यांच्या घरावरून गेलो. जेवणवेळ होती. पुंजूदादा टेकून बसले होते, मानेला पंचा गुंडाळलेला. त्यांचं जेवण उरकलं होतं, उष्टं ताट खाटेखाली सरकवलेलं होतं. ओंकारआबांनी पाट मांडला, ताट वाढलं आणि उभे राहिले. अक्का पाटावर बसल्या. गरम भाकरी पुढं होती, पण त्यांचा हात पुढं होईना. पुनःपुन्हा खाटेखालच्या त्या दुसऱ्या ताटाकडे नजर जात होती. खाटेवरून दादांनी डावा हात उचलला, आणि अक्कांच्या पुढच्या भरल्या ताटाकडे बोट केलं.

मग त्या जेवल्या.